एका नावाच्या पाच संज्ञा

विद्यार्थी मित्रहो, न्यूटन, पास्कल, ज्यूल, ओहम ही नावे तुम्ही भौतिकीच्या पुस्तकात एककांची नावे म्हणून वाचता. वैद्यकशास्त्रातही शास्त्रज्ञांची नावे जागोजागी आढळतात. पण तेथे ती एककांना दिलेली नसतात. शरीरातील एखादी जागा, एखादी ग्रंथी, रोगाचे एखादे लक्षण किंवा तपासणीची एखादी पद्धत यांना ती चिकटलेली असतात. आज आपण अशा एका शास्त्रज्ञाची ओळख करून घेणार आहोत, की ज्याचे नाव वैद्यकातील अनेक संज्ञांना मिळाले. त्यांपैकी पाच संज्ञा आपण समजावून घेऊ. या शास्त्रज्ञाचे नाव रूडोल्फ फिरखो. (आपल्याकडील डॉक्टर इंग्रजी वळणाने त्याचा उच्चार 'व्हर्चो' किंवा 'व्हर्को' असा करतात. मूळ जर्मन उच्चार 'फिरखो'च्या जवळचा आहे.)

मी भौतिकीचा शिक्षक. वैद्यकाच्या प्रांतात मी कसा शिरलो, हे आधी सांगितले पाहिजे.

पोटरीची सूज

काही वर्षांपूर्वी माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि ते घरी आले, पण हिंडण्याफिरण्याची त्यांना भीती वाटे. ते दिवसभर पडूनच असत. दहाबारा दिवसांनी त्यांची डावी पोटरी सुजली, दुखू लागली आणि हाताला गरम लागू लागली. पाय दुखला की तेल चोळायचे, ही आपल्या घरोघरची रीत. मी खोबरेल तेल कोमट केले आणि पोटरी चोळावयास बसलो. इतक्यात अण्णांना तपासण्यासाठी आमचे डॉक्टर आले. त्यांनी माझा हातच धरला.

"सर, चोळू नका. आत गुठळी असली तर ती सुटेल."

सोनोग्राफीत खरोखरच पायाच्या खोल नीलेत (शिरेत) रक्ताची गुठळी दिसली. वेळेवर औषधे सुरू झाली आणि अण्णा बरे झाले. पुढे एकदा मी डॉक्टरांना विचारले, "गुठळी झाली तरी कशाने?" त्यांनी माझ्याच वहीच्या पानावर तीन ओळी लिहिल्या : रक्ताचा मंद प्रवाह, वाहिनीच्या भिंतीला इजा, रक्ताची वाढलेली गोठणशक्ती. त्यांवर मथळा घातला, 'व्हर्चोचे त्रिक'. आणि हसून म्हणाले, "सर, यात थोडी तुमचीही भौतिकी आहे."

त्या पानापासून माझा हा अभ्यास सुरू झाला.

फिरखो कोण होता?

रूडोल्फ फिरखोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात शिफेलबाइन या लहानशा गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. बर्लिन येथे त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८४३ मध्ये पदवी मिळवली. तेथील शारिटे या रुग्णालयात तो मृत रुग्णांच्या शरीरांची तपासणी करू लागला. रोगाने शरीरात कोणते बदल होतात, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला विकृतिविज्ञान म्हणतात. फिरखो हा आधुनिक विकृतिविज्ञानाचा एक प्रमुख संस्थापक होय.

१८४८ मध्ये अप्पर सायलेशिया या भागात टायफसची मोठी साथ आली. (टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. हा साथीचा ज्वर उवांमुळे पसरतो. पण ही गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती.) सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या फिरखोने आपल्या अहवालात उपासमार, दारिद्र्य, निरक्षरता आणि राज्यकारभारातील दोष यांवर बोट ठेवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये झालेल्या क्रांतीतही त्याने भाग घेतला. परिणामी त्याला बर्लिन सोडावे लागले. १८४९ मध्ये तो व्यूर्ट्सबुर्ग येथे प्राध्यापक झाला आणि १८५६ मध्ये सन्मानाने बर्लिनला परतला. पुढे तो बर्लिनच्या नगरसभेत निवडून आला आणि शहरातील सांडपाण्याच्या निचऱ्याची योजना व्हावी म्हणून त्याने परिश्रम घेतले. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिन येथे त्याचे निधन झाले.

आता त्याच्या नावाच्या संज्ञांकडे वळू.

१. फिरखोचे त्रिक

त्रिक म्हणजे तिघांचा समूह. रक्तवाहिनीच्या आत, रक्त वाहत असतानाच गुठळी होण्यास तीन प्रकारची कारणे असतात.

पहिले कारण म्हणजे प्रवाह मंद होणे. येथे थोडे गणित करू. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीचे छेदक्षेत्र सुमारे २.५ चौरस सेंटिमीटर असते आणि विश्रांतीच्या वेळी तिच्यातील रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३३ सेंटिमीटर असतो. हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या दोन महानीलांचे एकत्रित छेदक्षेत्र सुमारे ८ चौरस सेंटिमीटर असते. दर सेकंदाला जेवढे रक्त बाहेर जाते, तेवढेच परत आले पाहिजे. म्हणून छेदक्षेत्र आणि वेग यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच हवा. यावरून महानीलांतील वेग सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर येतो. म्हणजे नीलांतील प्रवाह मुळातच संथ असतो.

त्यातून पायांच्या नीलांना रक्त वर चढवायचे असते. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंतची उंची १२० सेंटिमीटर धरू. रक्ताची घनता पाण्याच्या १.०६ पट आणि पाऱ्याची १३.६ पट असते. म्हणून १२० सेंटिमीटर उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब १२०० × १.०६ ÷ १३.६, म्हणजे सुमारे ९३ मिलिमीटर पाऱ्याइतका होतो. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त वर कोण चढवते? पोटरीचे स्नायू! चालताना हे स्नायू आवळले की मधल्या नीला दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. नीलांमध्ये ठिकठिकाणी झडपा असल्यामुळे ते खाली उतरू शकत नाही. शेतातल्या हातपंपाची ही रचना आहे म्हणा ना! अंथरुणावर पडलेल्या माणसाला चढ नसतो हे खरे. पण त्याचा पंपही बंद असतो. त्यामुळे झडपांच्या खोबणीत रक्त साकळून राहते.

दुसरे कारण म्हणजे भिंतीला इजा. रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचे अत्यंत पातळ अस्तर असते. ते केवळ गुळगुळीत नसते, तर रक्त गोठू नये अशी द्रव्येही तयार करते. हे अस्तर खरचटले की तेथे रक्तातील बिंबाणू चिकटतात आणि गुठळीची सुरुवात होते.

तिसरे कारण म्हणजे रक्ताच्या घटनेतील बदल. येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ होतो. द्रवाचा दाटपणा आणि त्याची गोठण्याची प्रवृत्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काकवी दाट असते, पण ती विरजत नाही. दूध पातळ असते, पण विरजण लागताच त्याचे दही होते. रक्त पाण्यापेक्षा तीनचार पट अधिक दाट (विष्यंदी) असते. पण येथे मुख्य प्रश्न त्याच्या विरजण्याचा आहे. मोठी शस्त्रक्रिया, गरोदरपण, काही कर्करोग आणि काही आनुवंशिक दोष यांमुळे रक्ताची ही प्रवृत्ती वाढते.

आता अण्णांकडे पाहा. ते पडून होते, खुब्याजवळच्या वाहिन्यांना इजा झाली होती आणि नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्रिकातील तिन्ही कारणे एकाच देहात जमली होती.

मग चोळण्यात धोका कोणता? पायाच्या नीलेत सुटलेली गुठळी कोठे जाईल, याचा नकाशा मनाशी काढा. पायाकडून हृदयाकडे जाताना नीला एकमेकींना मिळतात व रुंद होत जातात. त्यामुळे गुठळी वाटेत अडकत नाही. ती हृदयाच्या उजव्या भागात येते आणि तेथून फुप्फुस रोहिणीत फेकली जाते. या रोहिणीला मात्र फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा आधीच्यापेक्षा अरुंद असतो. गुठळी येथे अडकते. गुठळी मोठी असेल तर माणसाचा श्वास कोंडतो आणि काही मिनिटांत प्राणही जाऊ शकतात.

हा नकाशा प्रथम स्पष्टपणे मांडला तो फिरखोने, वयाच्या पंचविशीत! त्यापूर्वी फुप्फुस रोहिणीतील गुठळी दाहामुळे तेथेच तयार होते, असे मानले जाई. शवविच्छेदनात फुप्फुसात गुठळी सापडली, की फिरखो पायांच्या नीलाही उघडून पाही. तेथे त्याला तुटलेल्या गुठळीचा उरलेला भाग आढळे. मग त्याने कुत्र्यांच्या नीलांमध्ये रबराचे व इतर पदार्थांचे तुकडे सोडले. ते फुप्फुस रोहिणीत जाऊन अडकलेले सापडले. जागीच झालेल्या गुठळीसाठी 'थ्राँबोसिस' आणि वाहत जाऊन अडकलेल्या गुठळीसाठी 'एंबोलिझम' या संज्ञांचा आजचा अर्थ त्याच्या कामातून रूढ झाला.

२. फिरखोची ग्रंथी

गळ्याच्या तळाशी, डाव्या हासळीच्या हाडाच्या वर, एक लसीका ग्रंथी असते. ती सुजून कठीण झाली, तर कधी कधी रोग तेथे नसून दूर पोटात, विशेषतः जठराच्या कर्करोगात, असतो. हा संबंध फिरखोने १८४८ मध्ये दाखवून दिला.

जठर कोठे आणि हासळी कोठे! आणि डावीकडचीच ग्रंथी का? येथेही नळ्यांची मांडणी उत्तर देते. पेशींभोवती झिरपलेला द्रव लसीकावाहिन्यांतून गोळा होऊन पुन्हा रक्तात येतो. दोन्ही पाय, संपूर्ण पोट आणि शरीराचा डावा वरचा भाग यांतील लसीका एकाच मोठ्या वाहिनीतून वर चढते. ही वाहिनी गळ्याच्या तळाशी डाव्या बाजूस नीलेला मिळते. पोटातील कर्करोगाच्या पेशी या प्रवाहाबरोबर आल्या, तर त्या मुखाजवळच्या ग्रंथीत अडकतात. पुढे ट्रॉइसियर या फ्रेंच वैद्याने याच लक्षणाचा विस्ताराने अभ्यास केला. म्हणून काही पुस्तकांत ते त्याच्या नावाने दिलेले असते.

मात्र हे वाचून कोणी आरशापुढे मान चाचपू नये. मानेतील ग्रंथी बहुधा घसा किंवा दात यांच्या साध्या संसर्गामुळे सुजतात. कोणती सूज कशाची, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

३. फिरखो–रोबँ अवकाश

मेंदूच्या पृष्ठभागावरून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात. त्यांच्याभोवती द्रवाने भरलेली अरुंद पोकळी असते. एका नळीभोवती दुसरी सैल नळी घालावी, तशी ही रचना दिसते. फिरखोने १८५१ मध्ये आणि शार्ल रोबँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तिचे वर्णन केले. म्हणून संज्ञेत दोघांची नावे आली. आज एम.आर.आय. चित्रात हे अवकाश बारीक ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या रूपात दिसतात. वाढत्या वयाबरोबर ते अधिक ठळक होतात. निरोगी माणसातही ते दिसत असल्यामुळे, ते ओळखता येणे डॉक्टरांना आवश्यक असते. नाहीतर नसलेला रोग दिसू लागेल!

४. फिरखोच्या पेशी

आनंदवनामुळे कुष्ठरोग हे नाव महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेमध्येही या रोगाचे पुष्कळ रुग्ण होते. तेथील सरकारच्या निमंत्रणावरून फिरखो १८५९ मध्ये नॉर्वेला गेला. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात त्वचेत फुगलेल्या, फेसाळ दिसणाऱ्या पेशी आढळतात. त्यांचे त्याने केलेले वर्णन इतके नेमके होते, की त्या पेशींना त्याचे नाव मिळाले. या खरे पाहता शरीराच्या भक्षक पेशी होत. त्यांनी रोगजंतू गिळलेले असतात, पण ते पचवता आलेले नसतात.

फिरखोला पेशी दिसल्या, परंतु त्यांतील जंतू ओळखता आले नाहीत. ते १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे गेरहार्ड आर्मावर हान्सेनने दाखवून दिले. म्हणून कुष्ठरोगाला 'हान्सेनचा रोग' असेही म्हणतात. सूक्ष्मजंतू हेच रोगाचे मूळ कारण, या मताकडे फिरखो बराच काळ संशयाने पाहत असे, हेही येथे नमूद केले पाहिजे. थोर शास्त्रज्ञाचेही प्रत्येक मत बरोबर असते असे नाही. आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्णपणे बरा होतो.

५. फिरखोची शवविच्छेदन पद्धत

मृत्यूचे कारण शोधताना शरीर कोणत्या क्रमाने तपासावे, याची फिरखोने शिस्त घालून दिली. त्याच्या पद्धतीत एकेक अवयव स्वतंत्रपणे बाहेर काढतात व तपासतात. काहीही नजरेतून सुटू नये, हा क्रम ठरवण्याचा हेतू. या पद्धतीत एक उणीवही आहे. अवयव सुटे केल्यावर त्यांना जोडणाऱ्या वाहिन्यांचा परस्परसंबंध तुटतो. म्हणून काही अवयवांचे गट एकत्र काढण्याच्या पद्धती पुढे निघाल्या. आज गरजेप्रमाणे योग्य ती पद्धत निवडतात.

नाव कोणाचे, काम कोणाचे?

या पाच संज्ञा पाहिल्यावर एक गंमत सांगतो. 'फिरखोचे त्रिक' हे त्रिक फिरखोने या स्वरूपात कधी मांडलेच नव्हते! गुठळ्यांसंबंधीचे त्याचे मोठे लेखन १८५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रवाह, भिंत आणि रक्त या तिन्हींचा विचार विखुरलेला आहे; पण तीन कारणांची सुटसुटीत यादी त्यात नाही. ती पुढच्या पिढ्यांनी तयार केली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तिला त्याचे नाव रूढ झाले.

याउलट त्याच्या सर्वांत मोठ्या कामाला त्याचे नाव नाही. रोग हा संपूर्ण शरीरात भरून राहिलेला कसला तरी दोष नसून तो पेशींमधील बिघाड आहे, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हा विचार त्याने १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेल्युलर पॅथॉलॉजी' या ग्रंथात मांडला. पेशीविभाजनाबद्दल रोबेर्ट रेमाकने आधीच महत्त्वाची निरीक्षणे केली होती, त्यांचाही याला आधार होता. आज एखाद्या गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, तेव्हा याच विचाराचा उपयोग होत असतो. पण त्या तपासणीला कोणी फिरखोची तपासणी म्हणत नाही.

म्हणून, मित्रहो, परीक्षेसाठी नुसते नाव पाठ करून थांबू नका. त्या नावामागे कोणती नळी आहे, प्रवाह कोणीकडून कोणीकडे जातो आणि तो कोठे अडतो, हे विचारा. अण्णांच्या पायाशी तेलाची वाटी घेऊन बसलो होतो, तेव्हा प्रवाहाचे सूत्र मला तोंडपाठ होते. ते सूत्र माझ्या हाताखालच्या पोटरीलाही लागू आहे, एवढे मात्र सुचले नव्हते.

एक सूचना घरी सर्वांना जरूर सांगा. दीर्घ आजारानंतर, शस्त्रक्रियेनंतर, पायाला प्लॅस्टर असताना किंवा लांबच्या प्रवासानंतर एक पाय अचानक सुजून दुखू लागला, तर तो चोळू नये. तत्काळ डॉक्टरांना दाखवावा. अशा वेळी एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. लांबच्या प्रवासात अधूनमधून उठून चालावे. ते शक्य नसेल तर बसल्या जागी घोटे वरखाली हलवावेत. पोटरीचा पंप चालू ठेवण्याचा हा साधा उपाय आहे.

विचार करा

१. पायाच्या नीलेतील गुठळी सुटली तर ती सहसा मेंदूत न जाता फुप्फुसातच का अडकते? रक्ताभिसरणाची आकृती काढून दाखवा.

२. महारोहिणीचे छेदक्षेत्र २.५ चौरस सेंटिमीटर व वेग सेकंदाला ३३ सेंटिमीटर आहे. सर्व केशवाहिन्यांचे एकत्रित छेदक्षेत्र २५०० चौरस सेंटिमीटर धरल्यास त्यांतील रक्ताचा वेग काढा. हा वेग इतका कमी असणे शरीराच्या दृष्टीने सोयीचे का आहे?

३. फिरखोची ग्रंथी उजव्या हासळीवर न मानता डाव्या हासळीवर का मानतात?